सी मध्ये वाढता ॲरे आणि डिक्शनरी: कोणत्या क्रमाने लिहायचं आणि कुठे घसरतं

डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला वाढता ॲरे, म्हणजे गरजेप्रमाणे जागा वाढवणारी यादी, सगळ्यांचाच चालतो. पाच आकडे घातले, पाच छापून आले, जर्नलवर सही झाली. मग तोच कोड प्रोजेक्टमध्ये उचलला जातो, समोर खरी फाइल येते आणि पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम पडणं) एवढंच उमटतं. मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये जा, चुका त्याच त्या असतात आणि बहुतेक एकाच जातीच्या. जुनं सोडण्याआधी नवं हातात आलंय का, आणि ही मेमरी शेवटी कोण फ्री करणार, हे दोन प्रश्न कोड लिहायला बसण्याआधी कोणी विचारलेलेच नसतात.

खालचा क्रम या दोन प्रश्नांवर बेतलेला आहे. टप्पे गाळू नका. विशेषतः ॲरे पक्का झाल्याशिवाय डिक्शनरीला (नावावरून त्याला जोडलेला आकडा शोधून देणाऱ्या रचनेला) हात लावू नका, कारण ॲरेतली एक सवय डिक्शनरीत नेली की ती बुडवते. ती कोणती, ते आठव्या टप्प्यात येईल. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ती टाइप कशी करायची हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

## तयारी

टर्बो सी बाजूला ठेवा. त्यात इंट २ बाइटचा असतो, ३२७६७ च्या पुढे तो उलटतो, आणि ठरावीक मापाचे पूर्णांक देणारी 'स्टडइंट' हेडर फाइल त्यात नाही. त्याहून वाईट म्हणजे बरेच जण त्यात फाइल सी प्लस प्लसची म्हणून सेव्ह करतात आणि मॅलॉकपुढे (मेमरी मागणारं फंक्शन) कास्ट, म्हणजे प्रकार बदलायची खूण, लावायची सवय जडते. सी मध्ये त्या कास्टची गरज नाही. जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर घ्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यातल्या लिनक्सवर काम करा.

कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग, जादा वॉर्निंग, डीबगची माहिती, ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइंड बिहेविअर सॅनिटायझर (सॅनिटायझर म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीच्या आणि इतर चुका पकडणारी सोय) हे सगळं पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. 'आधी चालू दे, मग सॅनिटायझर लावू' म्हणणाऱ्यांचा कोड नशिबावर चालत असतो.

आता चाचणीची फाइल. एका ओळीवर एक स्टेशन, देवनागरीत. आधी पश्चिम रेल्वेची दहा: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड. त्याखाली मध्य रेल्वेची नऊ: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा. एकूण १९ ओळी, वेगळी नावं १८, कारण दादर दोनदा येतं. ॲरेत सगळ्या १९ ओळी क्रमाने ठेवायच्या. डिक्शनरीत नावाला किती वेळा आलं तो आकडा जोडायचा.

फाइल मुद्दाम अशी निवडली आहे. 'परळ' आणि 'लोअर परळ', 'माटुंगा' आणि 'माटुंगा रोड' या जोड्या नावं तपासताना कोण कामचुकारपणा करतो ते उघडं पाडतात. आणि देवनागरी अक्षरं हॅश फंक्शनची (नावावरून एक आकडा काढणाऱ्या फंक्शनची) परीक्षा घेतात.

सावध: 'दादर' चार चिन्हांचं दिसतं, पण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना हेही एक चिन्हच. म्हणून लांबी मोजणारा स्ट्रलेन १२ सांगतो, शेवटचा शून्य धरून जागा १३ बाइट. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' ला शून्यासकट ८२ बाइट लागतात. नावासाठी ३२ बाइटचा ठरावीक ॲरे ठेवलात तर गाडी तिथेच थांबेल.

## टप्पा १: ॲरेचं स्ट्रक्चर

तीन घटक पुरतात: डेटाचा पॉइंटर, लांबी आणि क्षमता. लांबी म्हणजे आत्ता किती घटक आहेत, क्षमता म्हणजे किती मावतील. दोन्ही साइझ_टी या मापांसाठीच्या पूर्णांक प्रकारात, आणि दोन्ही घटकांच्या संख्येत, बाइटमध्ये नाही. क्षमता एका फंक्शनमध्ये बाइट आणि दुसऱ्यात घटक असा घोळ घालणारे कमी नाहीत. व्हेरिएबलच्या नावातच काय ते स्पष्ट करा.

आपल्या ॲरेत प्रत्येक घटक म्हणजे एका नावाचा पॉइंटर. नावाची मेमरी ॲरेच्या मालकीची. ती ॲरे घेईल आणि ॲरेच सोडेल. हे वाक्य कॉमेंट म्हणून स्ट्रक्चरच्या डोक्यावर लिहून ठेवा.

सुरुवातीला तिन्ही घटक शून्य करा. रिॲलॉकला (घेतलेल्या मेमरीचं माप बदलणारं फंक्शन) नल, म्हणजे कुठेच बोट न दाखवणारा पॉइंटर दिला की तो मॅलॉकसारखाच वागतो, त्यामुळे पहिल्या वेळेसाठी वेगळा रस्ता लिहावा लागत नाही. मात्र फंक्शनच्या आत नुसतं डिक्लेअर केलेलं स्ट्रक्चर शून्य नसतं, त्यात कचरा असतो. कचऱ्याचा पत्ता रिॲलॉकला दिलात की प्रोग्राम तिथल्या तिथे आडवा.

## टप्पा २: क्षमता वाढवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. क्रम असा:

१. नवी क्षमता वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढा. जुनी शून्य असेल तर ४, नाहीतर दुप्पट.
२. गुणाकार उलटणार नाही ना ते पाहा. नवी क्षमता साइझ_मॅक्स (साइझ_टीत मावणारा सगळ्यात मोठा आकडा) भागिले एका घटकाचं माप याहून मोठी असेल तर अपयश परत करा.
३. रिॲलॉकचं उत्तर तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या.
४. ते नल असेल तर कशालाही हात न लावता अपयश परत करा.
५. आता, आणि आत्ताच, डेटा आणि क्षमता बदला.

ओळींत मांडलं तर:

`नवा = रिॲलॉक(या->डेटा, नवी_क्षमता * साइझऑफ(*या->डेटा));`
`जर (नवा == नल) परत असत्य;`
`या->डेटा = नवा;  या->क्षमता = नवी_क्षमता;`

पहिल्या ओळीत डावीकडे 'नवा' आहे. तिथे थेट 'या->डेटा' लिहिलं तर काय होतं? रिॲलॉक फसला की तो नल देतो, पण जुना ब्लॉक जागेवर तसाच ठेवतो. तुमच्याकडे त्याचा एकमेव पत्ता होता, त्यावर तुम्ही नल लिहिलंत. नावं मेमरीत आहेत, पण तिथे जायची वाट नाही. पुस्तकांत आणि व्हिडिओंत ही चूक सर्रास दिसते, म्हणून ती पुढेही चालू राहते.

दुसरी चूक त्याच ओळीतली: साइझऑफमध्ये तारा विसरणं. तारा नसेल तर पॉइंटरचं माप मिळतं, ६४-बिट मशिनवर ८. आपल्या ॲरेत घटकही पॉइंटरच असल्याने इथे ते योगायोगाने खपून जाईल. उद्या घटक २४ बाइटचं स्ट्रक्चर झालं की एक तृतीयांशच जागा मिळेल आणि बाकीचं लिखाण शेजाऱ्याच्या मेमरीत जाईल.

दुप्पटच का? दर वेळी १० ने वाढवलं तर १००० घटकांपर्यंत पोचताना जुने घटक हलवण्याची एकूण संख्या, अगदी वाईट धरली तर, ४९,५०० भरते. ४ पासून दुप्पट करत गेलं तर तीच १,०२० राहते. दीडपटही चालते, मेमरी थोडी कमी वाया जाते. वाद घालायचा तर दुप्पट की दीडपट यावर घाला, ठरावीक आकड्याची वाढ मात्र नको.

सावध: रिॲलॉकनंतर जुने पत्ते मेले असं समजा. ॲरेतल्या घटकाचा पॉइंटर आधी काढून ठेवला आणि मधे नवा घटक घातला, तर तो पॉइंटर रिडेव्हलपमेंटला गेलेल्या चाळीच्या पत्त्यासारखा होतो: कागदावर आहे, पण टपाल पोचणार नाही. घटक लक्षात ठेवायचा असेल तर इंडेक्स ठेवा.

इथे एक फरक नीट समजून घ्या. हलतात ते ॲरेचे घटक, म्हणजे पॉइंटर ठेवलेली जागा. ते ज्या नावांकडे बोट दाखवतात ती नावं वेगळ्या मॅलॉकमधून आलेली आहेत, ती जिथल्या तिथेच असतात.

## टप्पा ३: घटक घालणं

लांबी क्षमतेइतकी झाली असेल तर आधी वाढवा, मग नावाची प्रत काढा, मग घटकात ठेवा, सगळ्यात शेवटी लांबी एकने वाढवा. प्रत काढण्यासाठी स्ट्रलेन अधिक एक इतकी मेमरी मॅलॉकने घ्या, नल तपासा, मेमकॉपीने शून्यासकट उतरवा. स्ट्रडुप हेच करतो. तो पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) आधीपासून आहे आणि सी२३ मध्ये मानकात आला. कंपायलर जुना असेल तर चार ओळींचं आपलं फंक्शन लिहा.

प्रत न काढता काय होतं, ते एकदा मुद्दाम करून पाहा. एफगेट्सने एकाच बफरमध्ये ओळी वाचा आणि बफरचाच पत्ता ॲरेत ठेवत जा. छापलं की १९ वेळा 'माटुंगा' येतं. १९ पत्ते, सगळे एकाच बफरचे, आणि बफरमध्ये शेवटची ओळ. हे आउटपुट एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा ही चूक करताना हात थबकतो.

ओळ वाचतानाही तीन खाचखळगे आहेत. एफगेट्स ओळीच्या शेवटचं न्यूलाइन ठेवतो, पण फाइलच्या शेवटच्या ओळीला ते बहुधा नसतं. न्यूलाइन काढलं नाहीत तर एकच नाव मधल्या ओळीवर आणि शेवटच्या ओळीवर आलं की ती दोन वेगळी नावं ठरतात. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्नही असतं, तेही काढा. आणि काही एडिटर फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची बीओएम खूण टाकतात. तेव्हा बाकी सगळी स्टेशनं सापडतात, फक्त 'चर्चगेट' सापडत नाही. तासभर हॅश फंक्शनवर डोकं आपटण्याआधी फाइलचे पहिले तीन बाइट बघा. ते २३९, १८७, १९१ असतील तर गाळा.

तपासा: फाइल वाचून झाल्यावर लांबी १९ आणि क्षमता ३२ यायला हवी. वाढ ४, ८, १६, ३२ अशी चारदा झालेली असेल. लांबी २० आली तर फाइलच्या शेवटी रिकामी ओळ आहे.

## टप्पा ४: घटक काढणं

मधला घटक काढायचा तर आधी त्याचं नाव फ्री करा, मग पुढचे घटक एक घर मागे सरकवा, मग लांबी कमी करा. सरकवायला मेममूव्ह वापरा, मेमकॉपी नाही. जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येतात, आणि अशा वेळी मेमकॉपी काय करेल याची हमी मानक देत नाही. गंमत अशी की बऱ्याच मशिनवर तो बरोबर चालतोही, आणि कंपायलर बदलला की एक दिवस उलटतो. क्रम राखायचा नसेल तर शेवटचा घटक उचलून रिकाम्या जागी ठेवा, काम एका पायरीत होतं.

साइझ_टी कधीच ऋण होत नाही, हेही इथेच नडतं. 'आय मोठा किंवा शून्याबरोबर असेपर्यंत' असा उलटा लूप लिहिला तर तो थांबत नाही, कारण शून्यातून एक वजा केला की भलामोठा आकडा तयार होतो. आय लांबीपासून सुरू करा, 'आय मोठा शून्याहून' ही अट ठेवा आणि आत आय वजा एक वापरा.

क्षमता कमी करायचीच असेल तर लांबी एक चतुर्थांशावर आल्यावर निम्मी करा. अर्ध्यावर येताच निम्मी केलीत तर एक घाला, एक काढा असं चाललं असताना दर वेळी रिॲलॉक होत राहील. आणि आकार शून्य देऊन रिॲलॉक कधी बोलवू नका. सी२३ ने ते वागणं अनिश्चित ठरवलं आहे. शून्यावर यायचं असेल तर सरळ फ्री.

इथपर्यंतचं सगळं सॅनिटायझरखाली एक शब्दही न बोलता चाललं पाहिजे. चालत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: डिक्शनरीचा खण

डिक्शनरी म्हणजे खणांचा एक ॲरे. नावावरून हॅश काढायचा, हॅशवरून खण ठरवायचा, तो दुसऱ्याने घेतलेला असेल तर पुढचा पाहायचा. याला ओपन ॲड्रेसिंग म्हणतात. एका खणाला अनेक नावांची लिंक लिस्ट लावणारं चेनिंगही चालतं आणि परीक्षेला तेच जास्त विचारतात, पण त्यात फ्री करायच्या वस्तू वाढतात, म्हणून इथे खण.

प्रत्येक खणात चार गोष्टी: स्थिती, पूर्ण हॅश, नावाचा पॉइंटर, आकडा. स्थिती तीन प्रकारची: रिकामा, भरलेला, खोडलेला. रिकाम्याचं मूल्य शून्यच ठेवा, म्हणजे मेमरी शून्य करून देणाऱ्या कॅलॉकने घेतलेले सगळे खण आपोआप रिकामे निघतात. डिक्शनरीच्या स्ट्रक्चरमध्ये खणांचा पॉइंटर, क्षमता, भरलेल्यांची संख्या आणि खोडलेल्यांची संख्या.

मालकी पुन्हा ठरवा. डिक्शनरीने नावाची स्वतःची प्रत ठेवायची की ॲरेतली प्रत उसनी घ्यायची? उसनं घेतलं तर मेमरी वाचते, पण ॲरेतून एक नाव काढलं की डिक्शनरीत मेलेला पत्ता राहतो. पहिल्यांदा लिहिताना स्वतःची प्रतच ठेवा.

## टप्पा ६: हॅश

३२-बिटचा एफएनव्ही-१ए हा हॅश पुरेसा आहे. सुरुवात २१६६१३६२६१ पासून. प्रत्येक बाइटसाठी आधी एक्सॉर, मग १६७७७६१९ ने गुणाकार. क्रम उलटा केला तर तो वेगळा हॅश होतो. व्हेरिएबल अनसाइंड ३२-बिटचं हवं, कारण साइंड पूर्णांकाचा गुणाकार उलटणं हे सी मध्ये अनिश्चित वागणं आहे आणि सॅनिटायझर लगेच ओरडेल.

प्रत्येक बाइट अनसाइंड कॅर म्हणून वाचा. हे का सांगतोय ते 'दादर' वरच बघू. बरेच जण हॅश म्हणून कॅरेक्टरांची नुसती बेरीज करतात आणि १० ने भागून बाकी घेतात. द चे बाइट २२४, १६४, १६६. कॅर साइंड असेल तर तेच −३२, −९२, −९० असे वाचले जातात, बेरीज −२१४. काना −१९०, र −२०४. पूर्ण 'दादर' ची बेरीज −८२२. ऋण संख्येची बाकी सी मध्ये ऋणच येते, म्हणजे खण क्रमांक −२. ॲरेच्या सुरुवातीच्याही दोन घरं मागे! इंग्रजी नावांवर हा कोड वर्षभर बिनतक्रार चालतो, कारण इंग्रजी अक्षरं १२८ च्या आत असतात. मराठी नाव आलं की कोसळतो. आणि इंटेलच्या लॅपटॉपवर साधा कॅर सहसा साइंड, तर एआरएमच्या लिनक्सवर सहसा अनसाइंड असतो, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतं' हे दोघंही खरं बोलत असतात.

तपासा: रिकाम्या स्ट्रिंगचा हॅश २१६६१३६२६१ च यायला हवा. इंग्रजी लहान 'ए' या एका अक्षराचा (बाइट ९७) ३८२६००२२२०. दुसरा आकडा जुळला नाही तर एक्सॉर आणि गुणाकाराचा क्रम किंवा व्हेरिएबलचा प्रकार चुकलाय.

खण ठरवताना क्षमता नेहमी दोनाचा घात ठेवा आणि हॅश 'अँड' क्षमता वजा एक करा. या 'क्षमता वजा एक' ला मास्क म्हणतात. क्षमता चुकून १० ठेवलीत आणि हा मास्क लावलात तर ९ शी अँड होऊन फक्त ०, १, ८, ९ हेच खण वापरले जातील. बाकी रिकामे, आणि डिक्शनरी का रेंगाळते ते कळणार नाही.

## टप्पा ७: शोधणं

हे एकच फंक्शन नीट लिहा. घालणं, वाचणं, काढणं तिन्ही त्यावर उभं राहतं. नाव दिलं की ते एका खणाचा क्रमांक देतं: नाव असेल तर त्याचा खण, नसेल तर जिथे घालता येईल तो.

सुरुवातीच्या खणापासून एकेक पुढे जा, शेवट आला की मास्कने पुन्हा शून्यावर. वाटेत:

- खण भरलेला, हॅश सारखा आणि स्ट्रकंप (दोन नावं जुळवणारं फंक्शन) शून्य: हाच, थांबा.
- खण खोडलेला: पहिलाच असेल तर क्रमांक टिपून ठेवा, पण चालत राहा.
- खण रिकामा: नाव डिक्शनरीत नाही. टिपलेला खोडलेला खण असेल तर तो द्या, नसेल तर हा.

खोडलेल्या खणावर न थांबणं महत्त्वाचं आहे. समजा परळ, करी रोड, भायखळा तिघांचाही हॅश खण ५ वर आला आणि ते ५, ६, ७ मध्ये बसले. करी रोड काढलं, ६ खोडलेला झाला. आता भायखळ्याचा आकडा वाढवायचा आहे. शोध ६ वरच थांबला तर 'जागा मिळाली' म्हणून तिथे दुसरं भायखळा घातलं जाईल. सात नंबरचं जुनं भायखळा तसंच पडून राहील आणि कधीतरी नवं काढल्यावर भुतासारखं वर येईल.

तुलना करताना दोन पॉइंटर 'बरोबर बरोबर' ने जुळवू नका, त्याने पत्ते जुळतात, अक्षरं नाहीत. आणि सुरुवातीचे ठरावीक बाइटच जुळवणाऱ्या स्ट्रएनकंपला छोट्या नावाची लांबी देऊ नका, 'माटुंगा' आणि 'माटुंगा रोड' एकच ठरतील.

सावध: डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं बाइटमध्ये वेगळी असू शकतात. 'कऱ्हाडे' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्ट्रकंपला ती दोन आडनावं वाटतात. नावं वेगवेगळ्या कीबोर्डवरून येणार असतील तर डिक्शनरीत घालण्याआधी एकसारखी करून घ्या. ते काम डिक्शनरीच्या आत कोंबू नका.

## टप्पा ८: घालणं आणि वाढवणं

सुरुवातीची क्षमता ८. घालण्याआधी पाहा: भरलेले अधिक खोडलेले अधिक एक, याची चौपट ही क्षमतेच्या तिपटीहून मोठी आहे का? असेल तर आधी वाढवा. हे गणित पूर्णांकांतच करा, फ्लोट कशाला. खोडलेले खण मोजायला विसरलात तर एक वेळ अशी येते की एकही खण 'रिकामा' उरत नाही, आणि नसलेलं नाव शोधणारा लूप गोल गोल फिरत राहतो. प्रोग्राम पडत नाही, नुसता गप्प बसतो. असं गप्प बसणं शोधायला सगळ्यात त्रासदायक.

आता ती ॲरेतली सवय. डिक्शनरी रिॲलॉकने वाढवायची नाही. ॲरेत तिसरा घटक वाढीनंतरही तिसराच असतो. डिक्शनरीत खण क्षमतेवर ठरतो. ८ चे १६ झाले की मास्क ७ चा १५ होतो आणि हॅश १३ असलेलं नाव ५ वरून १३ वर जायला हवं. रिॲलॉकने ते ५ वरच राहतं आणि शोध त्याला १३ वर शोधतो. अशा डिक्शनरीत काही नावं सापडतात, काही नाही, आणि विद्यार्थी हॅश फंक्शन बदलत बसतो. योग्य क्रम:

१. नवे खण कॅलॉकने घ्या. नल आलं तर जुनी डिक्शनरी तशीच ठेवून अपयश परत करा.
२. जुन्या खणांतून फक्त भरलेले उचला. साठवलेला हॅश नव्या मास्कने अँड करा आणि पहिल्या रिकाम्या खणात ठेवा. नावं तुलना करायची गरज नाही, ती आधीच वेगवेगळी आहेत.
३. नावाचा पॉइंटर तसाच हलवा. नवी प्रत काढू नका, जुनी फ्री करू नका.
४. जुन्या खणांचा ॲरे फ्री करा.
५. नवा पॉइंटर, नवी क्षमता लिहा, खोडलेल्यांची संख्या शून्य करा.

खोडलेले आपोआप गळून पडतात. ते फार झाले असतील आणि भरलेले कमी असतील, तर हाच क्रम तेवढ्याच क्षमतेने चालवला तरी चालतो.

वाढ झाल्यावर शोध पुन्हा करा. आधी खण क्रमांक काढला, मग वाढवलं, मग जुन्याच क्रमांकावर लिहिलं, ही चूक मी इतरांच्या कोडमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली आधी तीच शोधतो.

मग मिळालेला खण पाहा. भरलेला असेल तर फक्त आकडा बदला. इथे नावाची नवी प्रत काढलीत तर जुनी गळाली. भरलेला नसेल तर आधी प्रत काढा, ती मिळाली तरच स्थिती 'भरलेला' करा आणि संख्या वाढवा. खण खोडलेला होता तर खोडलेल्यांतून एक वजा.

तपासा: १९ ओळी घातल्यावर भरलेले १८, क्षमता ३२, वाढ दोनदा. दादर २, बाकी सगळे १. भरलेले १९ आले तर दादरच्या दोन ओळींचे बाइट छापून बघा, बहुतेक एका ओळीच्या शेवटी काहीतरी चिकटलंय.

वाचण्याच्या फंक्शनने आकडा थेट परत करू नये. 'नाव नाही' आणि 'आकडा शून्य' यांत फरक करता येत नाही. सापडलं की नाही ते परत करा, आकडा पॉइंटरमधून द्या.

## टप्पा ९: काढणं

शोधा, भरलेला खण मिळाला तरच पुढे. नाव फ्री करा, पॉइंटर नल करा, स्थिती खोडलेला, भरलेले एकने कमी, खोडलेले एकने जास्त. स्थिती सरळ 'रिकामा' करण्याचा मोह होतो. तसं केलं तर वरच्या उदाहरणात ६ रिकामा दिसेल आणि ७ वरचं भायखळा कायमचं हरवेल.

नाव बदलणं हेही काढणं आणि घालणंच. २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. जुन्या फाइलवर काम करत असाल तर खणातल्या नावावरच नवं नाव लिहून चालणार नाही. हॅश जुन्या नावाचा, खण जुन्या नावाचा. आकडा काढून घ्या, नवं नाव घाला, ते यशस्वी झालं की जुनं काढा.

तपासा: प्रभादेवी काढा आणि उरलेली १७ नावं एकेक करून शोधा. सगळी सापडली पाहिजेत. मग प्रत्येक नाव आळीपाळीने काढून हेच करा. लूप दहा ओळींचा आहे, कंटाळा करू नका.

## टप्पा १०: सोडणं, आणि मुद्दाम मोडणं

डिक्शनरी सोडताना सगळ्या क्षमतेवर फिरा, भरलेल्यांची संख्या ही लूपची मर्यादा नव्हे. भरलेल्या खणांची नावं फ्री, मग खणांचा ॲरे फ्री, मग स्ट्रक्चरचे सगळे घटक शून्य. ॲरेचंही तसंच, फक्त तिथे लूप लांबीपर्यंत. आधी बाहेरचा ॲरे फ्री केलात तर आतल्या नावांचे पत्ते त्याच्याबरोबर गेले. शून्य करण्याचा फायदा असा की चुकून दोनदा सोडलं तरी फ्रीला नल मिळतो आणि तो काही करत नाही.

लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर प्रोग्राम संपताना गळती दाखवतो. त्याशिवाय बांधलेली प्रत व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली पूर्ण लीक तपासणीसह एकदा चालवा. दोन्ही एकत्र लावू नका, ते एकमेकांशी भांडतात.

एवढं झाल्यावरही तुमच्या कोडमधल्या 'नल आलं तर' या फांद्या एकदाही चाललेल्या नसतात. लिनक्सवर मॅलॉक सहजासहजी नल देतच नाही. म्हणून मॅलॉक, कॅलॉक, रिॲलॉक तिन्ही आपल्या छोट्या फंक्शनांतून बोलवा आणि त्यांत एक सामायिक मोजणी ठेवा: ठरावीक क्रमांकाच्या मागणीला नल द्यायचं. मग पूर्ण प्रोग्राम एका लूपमध्ये चालवा, पहिल्या फेरीत पहिली मागणी फसवा, दुसरीत दुसरी, शेवटपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी बघा: प्रोग्राम पडला नाही, अपयशाआधी घातलेली सगळी नावं अजून सापडतात, आणि सोडल्यावर एकही बाइट गळलेला नाही. पहिल्यांदा चालवाल तेव्हा फेरी बहुधा घालण्याच्या फंक्शनमध्ये अडकेल, जिथे प्रत मिळाली नाही पण स्थिती आधीच 'भरलेला' झालेली असते.